पाठीतली सुई आणि उतरता रक्तदाब

सिझेरियन हा शब्द आता खेड्यापाड्यांतही कुणाला नवा राहिलेला नाही. अमक्याच्या सुनेचे सिझर झाले, तमकी अडली म्हणून तालुक्याला नेली आणि सिझर करावे लागले, असे आपण ओट्यावर बसून सहज बोलतो. या शस्त्रक्रियेत पुष्कळदा बाई पूर्ण शुद्धीवर असते. पोटावर शस्त्र चाललेले असते, पण तिला वेदना नसते. मूल बाहेर आले की त्याचा पहिला टाहो ती स्वतःच्या कानांनी ऐकते. हे साधते ते कमरेच्या दोन मणक्यांमधून दिलेल्या एका बारीक सुईमुळे.

ही सुई म्हणजे बाळंतिणीवर मोठा उपकार आहे. पण तिच्या जोडीने एक धोका येतो. सुई दिल्यावर थोड्याच मिनिटांत रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो. हा दाब उतरण्याआधीच कसा अडवावा, हे शोधून काढायला डॉक्टरमंडळींना शंभराहून अधिक वर्षे लागली. तो इतिहास आज मी आपल्याला सांगणार आहे. त्यात औषधांची काही अवघड नावे येतील, त्यांना बिचकू नका. नावे विसरली तरी चालतील. जुनी पक्की समजूतही पुन्हा मोजून पाहावी लागते आणि दरवेळी मोजल्याने बाळंतिणीचा जीव थोडा अधिक सुरक्षित होतो, एवढे लक्षात राहिले म्हणजे पुरे.

आधी हा दाब उतरतो का, ते पाहू. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बारीक स्नायू असतात. ते किती आवळायचे आणि किती सैल सोडायचे, याचा हुकूम मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांमधून सारखा जात असतो. पाठीतली सुई वेदनेच्या नसा बधिर करते, तशीच या हुकमाच्या नसाही बधिर करते. मग पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रुंद होतात. शेतकरी बंधूंना हे चटकन उमगेल. पाटाला पाणी तेवढेच सोडले आहे, पण पाटच एकाएकी रुंद झाला, तर पाण्याची पातळी खाली जाते आणि टोकाच्या वाफ्याला पाणी चढत नाही. इथेही तसेच होते. रक्त शरीरातच असते, पण ते खालच्या अंगाला साचते, हृदयाकडे कमी परतते आणि दाब खाली येतो.

बाळंतिणीच्या बाबतीत हा टोकाचा वाफा म्हणजे वार. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त जात असते. आपल्या मेंदूला एक सोय असते. दाब थोडाफार खालीवर झाला तरी तो आपल्या वाट्याचे रक्त सांभाळून घेतो. वारेला तशी सोय नाही म्हटले तरी चालेल. आईचा दाब उतरला की तिथला प्रवाह आटू लागतो. आईला मळमळते, उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाळाला प्राणवायू कमी पडतो आणि त्याच्या रक्तात आम्ल साचू लागते. वेळीच सावरले तर दोघेही सुखरूप असतात. कुणी पाहिले नाही आणि दाब फारच उतरला, तर आईचे हृदय थांबण्यापर्यंत पाळी येते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो, हे दाखवले. शुद्ध न हरपता शरीराचा एखादाच भाग बधिर करण्याची वाट तिथून मोकळी झाली. पुढे १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील शहरी हाइनरिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढण्याची रीत वर्णन केली. या दोन गोष्टींची सांगड कील शहरातच घातली गेली. १६ ऑगस्ट १८९८ रोजी शल्यवैद्य आउगुस्ट बीअर यांनी क्षयाने घोटा सडलेल्या एका मजुराच्या पाठीत कोकेन सोडले आणि त्याच्या पायावर वेदनेविना शस्त्रक्रिया केली.

मौज अशी की, बीअर एवढ्यावर थांबले नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या हिल्डेब्रांट नावाच्या सहायकाकडून स्वतःच्या पाठीत सुई टोचून घेतली. पिचकारी सुईला नीट बसेना, पाणी वाहून गेले आणि प्रयोग फसला. मग हिल्डेब्रांट पुढे झाले. त्यांच्या पाठीत कोकेन सोडल्यावर बीअर यांनी त्यांच्या पायाला जळती सिगार लावली, नडगीवर लोखंडी हातोडी मारली. हिल्डेब्रांटना काही जाणवले नाही! प्रयोग साधला खरा, पण दोघांनाही पुढे पुष्कळ त्रास झाला. बीअर नऊ दिवस डोकेदुखीने अंथरुणावर होते. उठून बसले की डोके ठणके, आडवे झाले की थांबे. पाठीतले पाणी गळून गेल्याने असे डोके दुखते. आजच्या सुया केसासारख्या बारीक आणि खास टोकाच्या असल्यामुळे हा त्रास फार कमी झाला आहे.

दोनच वर्षांनी, १९०० साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी ओस्कार क्राइस यांनी हीच रीत बाळंतपणाच्या कळा थांबवण्यासाठी वापरली. असे वाटेल की आता बायांची सुटका झाली. पण तसे झाले नाही. कोकेन विषारी होते आणि मात्रेचा अंदाज नव्हता. शिवाय गरोदरपणात मणक्यांच्या पोकळीतल्या शिरा फुगलेल्या असतात आणि तिथली जागा कमी झालेली असते. त्यामुळे औषध अधिक वर चढते आणि गरोदर स्त्रीला थोडीच मात्रा पुरते. हे ध्यानी यायला वेळ लागला. औषध छातीपर्यंत चढले, दाब कोसळला, श्वास मंदावला, असे प्रसंग घडू लागले. पुष्कळ डॉक्टर पाठीतल्या सुईला बाळंतिणीपासून दूरच ठेवू लागले.

यात आणखी एक अडचण होती. दाब उतरतो हे कळणार कसे? ज्याला आज आपण ‘बी.पी. बघणे’ म्हणतो, ते तेव्हा रुग्णालयात नित्याचे नव्हते. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीचे रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये पुढे आणले. अमेरिकन शल्यवैद्य हार्वी कुशिंग यांनी १९०१ मध्ये इटलीतल्या पाविया येथे ते पाहिले आणि बाल्टिमोरला नेऊन शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायला सुरुवात केली. १९०५ मध्ये रशियाचे डॉक्टर कोरोत्कॉफ यांनी पट्ट्याखाली नळी लावून ठोके ऐकण्याची रीत दिली. तीच आजही दवाखान्यात चालते. या साधनाआधी डॉक्टर चेहऱ्याचा फिकेपणा, हातांचा घाम आणि नाडी पाहून अंदाज बांधत. पट्टा आला आणि अंदाजाच्या जागी आकडा आला. आजच्या सगळ्या कथेचा पाया हा पट्टाच आहे.

मग आकडा खाली दिसला तर करायचे काय? सोपा उपाय म्हणून डोके खाली आणि पाय वर, असे टेबल कलते करीत. पण जड औषध दिलेले असेल तर त्या उतारावर तेच छातीकडे वाहत जाण्याची भीती! खरा आधार मिळाला तो पूर्वेकडच्या एका झुडपातून. चीनमध्ये ‘मा-हुआंग’ नावाची वनस्पती शतकानुशतके औषधात वापरीत. याच कुळातली झुडपे आपल्याकडे हिमालयाच्या कोरड्या भागातही उगवतात. जपानचे रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये तिच्यातून एफेड्रिन वेगळे काढले. १९२४ मध्ये पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणाऱ्या चेन आणि श्मिट या दोघांनी ते रक्तदाब वाढवते, हे जगापुढे मांडले. तीनच वर्षांनी, १९२७ मध्ये, अमेरिकेत ओकरब्लाड आणि डिलन यांनी पाठीतल्या सुईने उतरलेला दाब सावरण्यासाठी ते वापरल्याचे प्रसिद्ध केले.

आता आपण विचाराल, एवढा धोका होता तर बाईला पूर्ण भूल देऊनच शस्त्रक्रिया का केली नाही? ती पुष्कळ वर्षे तशीच होत असे. पण बाळंतपणाच्या कळा चालू असताना पोट सावकाश रिकामे होते. बेशुद्धीत पोटातले अन्न आणि आम्ल घशाशी येऊन फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. १९४६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेल्सन यांनी एका प्रसूतिरुग्णालयातल्या ४४,०१६ बाळंतपणांची दप्तरे तपासली आणि असे ६६ प्रसंग मांडले. तेव्हापासून बाळंतिणीला उपाशी ठेवण्यावर कटाक्ष आला. आणि पाठीतल्या सुईने बाई शुद्धीत राहते, तिचा श्वास तिच्याच हाती राहतो, ही गोष्ट पुन्हा मोलाची वाटू लागली. सुई हवी, पण दाब उतरायला नको, असा पेच होता.

या पेचाची एक गाठ सुटली ती औषधाविना. सुई न देतासुद्धा काही गरोदर बायांना उताणे निजवले की घाम फुटतो, चक्कर येते आणि कुशीवर वळवले की बरे वाटते. हे दायांना आणि घरच्या बायांना अनुभवाने ठाऊक असणार. १९५३ साली अमेरिकेतल्या हॉवर्ड, गुडसन आणि मेंगर्ट या डॉक्टरांनी त्याचे कारण नीट उलगडून दाखवले. पोटातून हृदयाकडे रक्त परत नेणारी एक मोठी शीर पाठीच्या कण्याला लागून, जराशी उजवीकडे असते. बाई उताणी निजली की भरल्या गर्भाशयाचे ओझे थेट त्या शिरेवर पडते. पाण्याच्या रबरी नळीवर पाय पडावा, तसे होते. १९६४ मध्ये एडिंबरोच्या केर, स्कॉट आणि सॅम्युअल यांनी शिरेतला दाब मोजून आणि क्ष-किरणांनी चित्र काढून हे प्रत्यक्ष दाखवले. निरोगी बाईचे शरीर इतर रक्तवाहिन्या आवळून ही अडचण निभावून नेते. पण पाठीतल्या सुईने ते आवळणेच बंद पडते. एकीकडे पाट रुंद झालेला आणि दुसरीकडे नळीवर पाय पडलेला, असा दुहेरी घाला पडतो.

उपाय काय, तर बाईला डावीकडे थोडे कलते ठेवणे. १९७२ मध्ये बर्मिंगहॅमचे भूलतज्ज्ञ सेल्विन क्रॉफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी असे कलते ठेवल्यास जन्मणाऱ्या बाळाची स्थिती अधिक चांगली राहते, असे दाखवले. उजव्या कुल्ल्याखाली उशी किंवा पाचर ठेवायची, एवढेच. खर्च जवळजवळ नाही. जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत ही पाचर पोचली.

दुसरा मार्ग सलाईनचा. पाट रुंद होणारच असेल, तर आधीच पाणी वाढवून का ठेवू नये? १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या वोलमन आणि गेर्टी मार्क्स यांनी सुईच्या आधी शिरेतून भरपूर द्रव देऊन दाब टिकतो, असे मांडले. विचार सरळ होता, पटणारा होता. पंचवीस वर्षे तो पाठच झाला. सलाईन संपल्याशिवाय सुई द्यायची नाही, असा शिरस्ता पडला. मग १९९३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन येथे राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट मोजायला घेतली. काही बायांना आधी सलाईन दिले, काहींना दिले नाही. सलाईन न दिलेल्यांत शेकडा ७१ जणींचा दाब उतरला आणि दिलेल्यांत शेकडा ५५ जणींचा! फरक होता, पण ज्यावर इतका भरवसा होता तो उपाय निम्म्याहून अधिक बायांना वाचवू शकला नव्हता. कारण असे की, साधे सलाईन रक्तवाहिन्यांत फार वेळ टिकत नाही, आजूबाजूला पाझरून जाते. तातडीच्या वेळी सलाईन संपण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, हा मोठाच धडा मिळाला. पुढे असे दिसले की, सुई देताना, त्याच क्षणी, सलाईन वेगाने सोडले तर ते अधिक कामी येते. पाट रुंद होत असतानाच पाणी सोडायचे, म्हणजे ते जिरून जाण्याआधी उपयोगी पडते.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी पुढची गोष्ट विशेष लक्ष देऊन ऐकावी. पुरावा म्हणजे काय, हे मुलांना समजावताना ती उपयोगी पडेल. एफेड्रिन हृदयाचे ठोके जोराचे करून दाब वाढवते. दुसरी काही औषधे मुख्यतः रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवतात. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोत राल्स्टन, श्नायडर आणि डीलोरिमिए यांनी गाभण मेंढ्यांवर प्रयोग केले. वाहिन्या आवळणाऱ्या औषधांनी मेंढीचा दाब वाढला, पण गर्भाशयाकडचे रक्त घटले. एफेड्रिनने ते फारसे घटले नाही. निष्कर्ष निघाला की, बाळंतिणीला एफेड्रिनच द्यावे. ही शिकवण पुढे पंचवीस-तीस वर्षे पुस्तकांत राहिली. फिनाइलएफ्रिन नावाचे वाहिन्या आवळणारे औषध तर जवळजवळ वाळीत पडले. आणि त्या १९७४ च्या प्रयोगात फिनाइलएफ्रिन तपासलेलेच नव्हते! त्याच जातकुळीचे म्हणून त्याच्यावरही ठपका आला.

पुढे काही डॉक्टरांनी ते प्रत्यक्ष बाळंतिणींना देऊन पाहिले आणि जन्मलेल्या बाळाच्या नाळेतले रक्त तपासले. २००२ मध्ये हाँगकाँगच्या ली, ङान की आणि जिन या डॉक्टरांनी तोवर झालेल्या ७ चाचण्यांतल्या २९२ बायांची माहिती एकत्र मांडली. दाब सावरण्यात दोन्ही औषधे सारखीच ठरली. पण बाळाच्या रक्तात आम्ल अधिक साचले होते ते एफेड्रिन दिलेल्यांच्या! २००९ मध्ये त्याच शहरातल्या कामाने कारणही दाखवले. एफेड्रिन वार ओलांडून बाळाच्या अंगात अधिक जाते आणि तिथे शरीराची भट्टी जोरात पेटवते. वाळीत टाकलेले औषध पहिल्या पंगतीला आले आणि पहिल्या पंगतीतले मागे गेले. मेंढ्यांवरचा प्रयोग खोटा नव्हता. मेंढीवरून बाईबद्दलचा अंतिम निवाडा करण्यात घाई झाली होती.

तरी एक प्रश्न उरला होता. दाब उतरल्यावर औषध द्यायचे, की उतरण्याआधी? विहिरीत पडलेल्याला दोर टाकण्यापेक्षा विहिरीला कठडा बांधणे केव्हाही शहाणपणाचे. २००५ मध्ये ङान की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुई दिल्याबरोबर फिनाइलएफ्रिनची संथ धार सुरू केली. एका गटाला त्याच वेळी सलाईनही वेगाने सोडले, दुसऱ्याला अगदी थोडे. वेगाने सलाईन दिलेल्या ५३ जणींपैकी एकीचाच दाब उतरला. दुसऱ्या गटात ५३ पैकी १५ जणींचा उतरला. डर्बनचा शेकडा ७१ हा आकडा आठवा, म्हणजे किती मजल मारली ते कळेल. एकटे सलाईन लंगडे होते. औषधाच्या खांद्यावर हात ठेवताच ते चालू लागले.

२०१८ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन या सगळ्याचा गोषवारा एका निवेदनात मांडला. सुईआधी बाईचा जो वरचा दाब असेल, त्याच्या शेकडा ९० तरी टिकवायचा प्रयत्न करावा. शेकडा ८० च्या खाली गेला तर तत्काळ उपाय करावा. म्हणजे आधी १२० असेल, तर १०८ च्या वर राखण्याची खटपट करायची आणि ९६ च्या खाली गेला तर क्षणाचीही उसंत घ्यायची नाही. औषध आधीपासूनच द्यावे, फिनाइलएफ्रिनसारखे औषध पसंत करावे, सलाईन जोडीला असावे, गर्भाशय डावीकडे कलते ठेवावे. फिनाइलएफ्रिनने नाडी मंदावू शकते, म्हणून नाडीवरही नजर हवी. अलीकडे नॉरएपिनेफ्रिन या औषधाचाही अभ्यास झाला आहे. आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी मेफेन्टरमाइन हे औषधही वापरले जाते. हाताशी कोणते औषध आहे आणि बाईची प्रकृती कशी आहे, हे पाहून भूलतज्ज्ञ निर्णय घेतात.

त्या पाचरीचीही तपासणी सुटली नाही बरे का. २०१५ मध्ये जपानी डॉक्टरांनी चुंबकीय यंत्राने गरोदर बायांच्या पोटातली ती शीर पाहिली. १५ अंश कलते केल्याने ती मोकळी झालेली दिसली नाही. ३० अंश कलते केल्यावर मात्र फरक पडला. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना असे दिसले की, निरोगी बाई, आधी ठरवलेली शस्त्रक्रिया, औषधाची धार आणि सलाईन चालू, अशा स्थितीत बाईला सपाट निजवले तरी बाळाच्या रक्तात फरक पडत नाही. मात्र आईला दाबाचे औषध अधिक लागते. म्हणून पाचर टाकून द्या असे कुणी म्हणत नाही. जिथे औषधाची धार अखंड ठेवण्याची सोय नाही, तिथे ओझे बाजूला सारण्याचे मोल अधिकच आहे.

श्रोतेहो, हे झाले मोठ्या शहरांचे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दक्षिण आफ्रिकेत मातामृत्यूंची नियमित चौकशी होऊन अहवाल निघतात. भुलीशी संबंधित मृत्यूंमध्ये पाठीतल्या सुईचे मृत्यू ठळकपणे पुढे आले आणि त्यांतले पुष्कळसे लहान जिल्हा रुग्णालयांत घडले होते. औषध तेच, सुई तीच! पण भूल देणाऱ्याला पुरेसा सराव नव्हता, दाब वारंवार पाहिला गेला नव्हता, किंवा भूल देणाऱ्यानेच शस्त्रही हाती घेतले होते. दोन कामे एका माणसाने करायची म्हटल्यावर पट्ट्याकडे पाहणार कोण? सुई दिल्यावरची पहिली काही मिनिटे फार नाजूक असतात. मूल जन्मेपर्यंत दर मिनिटाला दाब पाहावा, असे म्हणतात ते यासाठीच. बाळंतिणीच्या डोक्याशी बसलेले, फक्त तिच्याकडे पाहणारे शिकलेले माणूस, हे सगळ्यांत मोठे औषध होय. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात अशी व्यवस्था आहे ना, हे विचारण्याचा गावाला हक्क आहे. ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर हाही प्रश्न निघावा.

घरच्या माणसांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शेवटच्या महिन्यांत बाईला उताणे निजल्यावर गरगरले, घाम सुटला, तर तिला डाव्या कुशीवर वळवावे. १०८ ची गाडी असो की जीप, रुग्णालयात नेतानाही तिला उताणे न ठेवता कुशीवर ठेवावे. आधीपासून दाबाचा, हृदयाचा किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल, काही औषध चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण काही आजारांत किंवा फार रक्तस्राव झाला असता पाठीतली सुई देत नाहीत. शेवटचे खाणे कधी झाले, ते खरे खरे सांगावे. ‘थोडा चहाच तर घेतला’ म्हणून लपवू नये. आणि टेबलावर निजलेल्या बाईला मळमळू लागले, जीव घाबरा झाला, तर तिने लाजू नये, तिथल्या तिथे बोलावे. ती शुद्धीवर आहे याचा हा मोठा फायदा. पुष्कळदा दाब उतरल्याची पहिली वर्दी तीच देते.

पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते, असा एक समज आहे. त्या भीतीने काही बाया सुईला नको म्हणतात. टोचल्या जागी काही दिवस हुळहुळते, हे खरे. पण बाळंतपणानंतरची कंबरदुखी सुई न घेतलेल्या बायांनाही होते. गरोदरपणात कण्यावर पडलेला ताण, मूल घेऊन वाकणे, लगेच कामाला जुंपणे ही तिची नेहमीची कारणे आहेत. मज्जारज्जूला सुई लागेल, ही भीतीही अनेकांना असते. सुई देण्याची जागा मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालची निवडलेली असते.

आउगुस्ट बीअर यांच्या हातोडीपासून नाळेतल्या थेंबभर रक्ताच्या तपासणीपर्यंत आपण आलो. या वाटेवर मोठमोठ्या डॉक्टरांच्या समजुती बदलल्या. आधीचे सलाईन पुरेसे वाटत होते, ते अपुरे ठरले. एक औषध वर गेले, दुसरे खाली आले. ज्यांनी ती समजूत शिकवली होती, त्यांच्याच शिष्यांनी पट्टा आणि आकडे घेऊन ती तपासली. शाळेत मुलांना आपण विज्ञान शिकवतो, तेव्हा ही गोष्ट अवश्य सांगावी. आणि गावात एखादी लेकबाळ अडली, तर ‘पाठीतली सुई नको’ म्हणून वेळ दवडण्याऐवजी ‘हिचा दाब कोण पाहणार आहे?’ एवढे अदबीने विचारावे.